टाटा ४०७ (२००४): ब्रेकचं पेडल लिबलिबीत लागतंय, हवा काढूनही फरक नाही

ओतूरचा_४०७

नमस्कार मंडळी. गाडी टाटा ४०७, २००४ ची, सहा टायरी, पुढे-मागे चारही चाकांना ड्रम ब्रेक. वडिलांनी घेतलेली, आता धाकटा भाऊ चालवतो. नारायणगावात टोमॅटोची कॅरेट भरायची, माळशेज उतरायचा आणि मुरबाड-कल्याण करत वाशी मार्केट गाठायचं, हे आमचं हंगामातलं रोजचं काम. म्हणजे गाडी घाट उतरते तेव्हा भरलेली असते आणि चढते तेव्हा रिकामी. ब्रेकवर सगळा भार पडतो तो शंभरएक कॅरेट मागे असतानाच.

तक्रार अशी आहे. पहिल्या दाबाला पेडल अर्ध्याच्या खाली जातं. तिथे ब्रेक धरतो, पण पायाला कडक टेका मिळत नाही. अजून जोर दिला की पेडल आणखी आत जातं, जोर सैल केला की तेवढंच पायाला वर ढकलतं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर थोडं वर मिळतं, मऊपणा मात्र तसाच. दाबून धरलं तर पेडल खाली बसत जात नाही, जिथे आहे तिथेच राहतं. ब्रेक ऑइल कुठे गळत नाही, टाकीतली पातळी उतरत नाही. घाट उतरून मोरोशीला आलं की पेडल आणखी खाली गेलेलं असतं. सपाटीला लागून टोकावडे मागे पडलं की पुन्हा पहिल्यासारखं होतं.

हे सगळं सुरू झालं ते मागच्या ब्रेकचं काम केल्यापासून. मागचा डावा व्हील सिलिंडर (चाकातला, ऑइलच्या दाबाने ब्रेक शू ड्रमवर ढकलणारा) गळत होता म्हणून मागचे दोन्ही नवे टाकले. शूवरचे लायनर (ड्रमला घासणारं अस्तर) संपत आले होते, तेही त्याच वेळी नवे मारून घेतले. ड्रमला चरे पडले होते म्हणून ते लेथवर मारून आणले. पुढच्या चाकांना हात लावलेला नाही. ब्रेकच्या पाइपांतली हवा पुन्हा पुन्हा काढली, ती सोडायच्या निपलमधून आता एकही बुडबुडा येत नाही. मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो) किट, म्हणजे आतले रबरी कप, बदललं. आता गॅरेजवाले म्हणतात, बूस्टर (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) बदला.

बूस्टरला पैसे घालायला माझी ना नाही, पण कारण न कळता एकेक पार्ट बदलत जाणं मला पटत नाही. हंगाम भरात असूनही गाडी दारात उभी केली आहे आणि माल दुसऱ्याच्या पिकअपमधून पाठवतोय. पावसाळ्यात त्या घाटात दहा फुटांवरचं दिसत नाही इतकं धुकं असतं, आणि अशा पेडलवर भावाने तिथून उतरावं हे मला मंजूर नाही. पुढे पासिंगही येतंय. पाने, जॅक, घोड्या घरी आहेत, हाताने काम करायची तयारी आहे. तपासायला कुठून सुरुवात करू तेवढं सांगा.


कसारा_लाइन

माझ्या ४०७ ला सेम असंच होत होतं. किट टाकून भागत नाही, आत सिलिंडरलाच रेघा पडलेल्या असतात आणि नवे कप महिन्यात जातात. पूर्ण मास्टर नवा टाकला तेव्हा गाडी सुधारली. त्याआधी माझं पेडल सिग्नलला उभं असताना हळूहळू तळाला जायचं. अल्टरनेटरच्या मागचा व्हॅक्यूम पंप पण एकदा बघून घ्या. आणि गाडी चालवू नका हे बाकी बरोबर केलंत.


कराडचा_फिटर

ओतूरकर दादा, गाडी उभी केलीत, आता खरेदीही थांबवा. लक्षणं तुम्ही इतकी नीट लिहिली आहेत की अर्धा तपास त्यातच झालाय.

आधी बूस्टर. बूस्टर गेला की पेडल मऊ होत नाही, कडक होतं. पाय दुखेपर्यंत दाबावं लागतं आणि गाडी उशिरा थांबते. तरी खात्री करून घ्या. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल. मग पेडल दाबून धरा आणि स्टार्टर मारा. इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली थोडं आत सरकलं, तर बूस्टर, त्याचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि अल्टरनेटरच्या मागचा पंप हे तिन्ही काम करतायत. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून तो पंप दिलेला असतो. पुढच्या सगळ्या तपासण्या मात्र इंजिन बंद ठेवूनच करा. बूस्टर चालू असला की पायाचा जोर वाढतो आणि मऊपणा आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. इंजिन बंद असतानाही पेडल लिबलिबीतच लागलं, तर बूस्टरचा विषय तिथे संपला.

मास्टर. कसारावाल्या भाऊंचं पेडल उभ्या गाडीत तळाला जात होतं, त्यांच्या कपावरून ऑइल मागे सरकत होतं. तुमचं तसं होत नाही. फक्त एकदा हलक्या पायाने धरून बघा. झिजलेला कप जोरात दाबला की फुगून बोअरला चिकटतो आणि धरतो, हलक्या दाबाला मात्र सोडतो. सिग्नलला उभं राहताना आपण जेवढा पाय ठेवतो तेवढाच ठेवा आणि मिनिटभर थांबा.

आता घाटाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ड्रायव्हर मंडळी उताराला होणाऱ्या तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात, ‘ब्रेक गेला’. पहिली गोष्ट, लायनर तापून गुळगुळीत होतो आणि पकड सोडतो. यात पेडल वर आणि कडकच राहतं, गाडी मात्र थांबत नाही. जळका वास येतो. दुसरी, ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो. यात पेडल खाली जातं, पण खाली जाऊन तिथे टेका मिळतो, आणि दोनदा मारलं की वर येतं. तिसरी, ब्रेक ऑइलमध्ये पाणी शिरलेलं असतं आणि व्हील सिलिंडरमध्ये त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. त्यामुळे पेडल एकदम पोकळ होतं, कधी तळाला टेकतं. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं, पेडल परत येतं आणि गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. तुमच्याकडे दुसरी नक्की आहे असं मला वाटतं. तिसरी आहे का ते ऑइल बघितल्यावर कळेल. शेवटचं कधी बदललं? आठवत नसेल तर तेच उत्तर समजा.

आता दोष कुठल्या टोकाला आहे ते शोधायचं. मागच्या अ‍ॅक्सलवर उतरणारा रबरी होज पाइप चपट्या क्लॅम्पने दाबून बंद करा. व्हाइस ग्रिप असेल तर दोन्ही जबड्यांना जाड रबर लावा, नुसत्या दातांनी होज चिरडू नका. आता पेडल दाबा. पेडल वर येऊन कडक झालं तर दोष मागे आहे. फरक पडला नाही तर मागचा होज सोडा आणि पुढचे एकेक करून दाबा. सगळे होज बंद असताना पेडल लाकडासारखं कडक लागलं पाहिजे. तेव्हाही मऊ लागलं तर हवा मास्टरमध्येच आहे, किंवा पेडलचा ब्रॅकेट हलतोय. एकाला पेडल दाबायला बसवा आणि तुम्ही बाहेरून बूस्टरच्या बुडाकडे बघा. जुन्या गाड्यांत तिथला पत्रा तडकलेला मी बघितलाय. पेडल दाबलं की सगळा बूस्टरच पुढे सरकतो आणि माणूस बिचारा हवा काढत बसतो.

दोष मागे निघाला तर ड्रम उघडायच्या आधी एक काम करा, माझा सगळ्यात जास्त विश्वास याच्यावर आहे. क्लॅम्प काढून टाका. मागच्या दोन्ही चाकांचे अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारे) इतके आवळा की शू ड्रमला पूर्ण टेकतील आणि चाक हाताने फिरणार नाही. मग पेडल दाबा. शू आता हलूच शकत नाहीत, म्हणजे त्या बाजूला उरलं फक्त ऑइल, पाइप आणि रबर. पेडल कडक झालं तर हवा नाही, होज फुगत नाही. गडबड शू, लायनर आणि ड्रम यांच्यात आहे. पेडल तरीही मऊ राहिलं तर हवा अजून आत आहे किंवा होज फुगतोय. तपासून झालं की अ‍ॅडजस्टर पुन्हा सैल करायला विसरू नका.

नवे व्हील सिलिंडर बसवलेत ना? हवेचं निपल पाइपाच्या वर आहे का बघा. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली तर निपल खाली येतं. मग बादलीभर ऑइल काढलं तरी वरचा हवेचा फुगा जागचा हलत नाही आणि निपलातून बुडबुडाही दिसत नाही. तुम्हाला बुडबुडा दिसत नाही म्हणून हे विचारतोय.


ओतूरचा_४०७

फिटर काका, तुमचं लिहिलेलं घरात वाचून दाखवलं आणि भाऊ आणि मी दोघांनी मिळून सगळं केलं. क्रमाने सांगतो.

बूस्टरचा तपास केला. इंजिन सुरू होताच पेडल आत सरकलं, म्हणजे बूस्टर ठीक आहे. इंजिन बंद ठेवूनही मऊपणा तसाच. हलक्या पायाने धरलं तरी पेडल बसलं नाही. ब्रॅकेट, पत्रा जागचा हलत नाही. दोन्ही निपल वरच्या बाजूलाच आहेत.

मागचा होज दाबला आणि पेडल एकदम वर आलं, बरंच कडक झालं. खरं सांगतो, इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. त्यावर पुढचा डावा होज दाबल्यावर आणखी किंचित फरक पडला, उजव्याने काहीच नाही. डावा होज वाकवून पाहिला तर बाहेरच्या रबराला बारीक भेगा आहेत.

मग मागचे अ‍ॅडजस्टर आवळले. चाकं जाम. पेडल दाबलं तर जवळजवळ क्लॅम्प लावल्यासारखंच कडक. म्हणजे तुमच्या हिशेबाने मागे हवा नाही आणि दोष ड्रमच्या आत आहे. पण आतलं तर सगळं नवं आहे, मग आत राहिलं काय?

ऑइल शेवटचं कधी पूर्ण बदललं ते वडिलांनाही आठवत नाही, वेळोवेळी भर घातली जाते एवढंच. निपलमधून थोडं काढून पाहिलं, काळ्या चहासारखा रंग आहे.


चाकण_ब्रेकलाइन

मी ब्रेकच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करतो, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो आणि एका ठिकाणी फिटर काकांपेक्षा वेगळं मत मांडतो.

होज क्लॅम्पने दाबणं मला आवडत नाही. जुन्या होजच्या आतला थर दाबाने फाटतो. पुढे तो फाटका तुकडा झडपेसारखा वागतो, ऑइल चाकाकडे जातं पण परत येत नाही आणि चाक जाम व्हायला लागतं. बाहेरून होज ठणठणीत दिसतो. त्यापेक्षा मास्टरच्या तोंडाला बुच लावून एकेक सर्किट बंद करणं सुरक्षित. आता क्लॅम्प लावलाच आहे तर ते होज बदलून टाका. पुढच्या भेगा पडलेल्या डाव्याबद्दल तर विचारच करू नका, आणि अ‍ॅक्सलवर होज नेहमी जोडीनेच बदला.

ऑइलचे आकडे सांगतो. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. डॉट ३ नवं, कोरडं असताना २०५ अंशांच्या आत उकळता कामा नये, डॉट ४ ला हीच मर्यादा २३० अंश आहे. हे ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि हवेतली ओल शोषतं, डबा घट्ट बंद नसला तर डब्यातसुद्धा. साधारण ३.७ टक्के पाणी शिरलं की डॉट ३ ची किमान मर्यादा १४० अंशांवर येते, डॉट ४ ची १५५ वर. आता घाटाचा हिशेब करा. पाच टनांची भरलेली गाडी ५०० मीटर खाली उतरली तर जवळपास २४५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. एवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचं सत्तरएक लिटर पाणी उकळायला येईल. त्यातली जेवढी इंजिन गिअरवर रोखतं तेवढी वाचली, बाकीची चार ड्रममध्ये जाते. काळ्या चहाच्या रंगाचं, कधी न बदललेलं ऑइल या कामाला नको. मऊपणाचं मूळ ड्रममध्ये निघालं तरी ऑइल पूर्ण बदला. डॉट ३ असेल तर डॉट ४ चालतं, दोन्ही ग्लायकॉलचीच. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यात कधीही मिसळायचं नाही.

आणखी एक. काढलेलं थोडं ऑइल काचेच्या ग्लासात पाण्यावर टाकून बघा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. वर तवंग तरंगला तर कोणीतरी कधी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल भरलेलं आहे. त्याने सिस्टिममधलं प्रत्येक रबर फुगतं, आणि मग नुसतं धुऊन भागत नाही, सगळे कप आणि होज बदलावे लागतात. रबरी भाग डिझेलने किंवा पेट्रोलने धुण्याची सवय गॅरेजमध्ये सर्रास दिसते, त्यानेही हेच होतं. कप धुवायचे ते ताज्या ब्रेक ऑइलनेच.

मागच्या अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला भाराप्रमाणे दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल, तर हवा काढताना मागची चाकं जॅकवर लोंबत ठेवू नका. अ‍ॅक्सल खाली लोंबला की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा दाब रोखतो, मागे ऑइल नीट पोचत नाही. गाडी चाकांवर उभी ठेवूनच काढा.


कराडचा_फिटर

चाकणवाल्या भाऊंचं बरोबर आहे, होज बदलायचेच. मी रस्त्यावर काम केलेला माणूस, बुच हाताशी नसतं म्हणून क्लॅम्प वापरतो, पण क्लॅम्प लावलेला जुना होज मी गाडीवर ठेवत नाही.

ओतूरकर दादा, आत सगळं नवं असताना काय राहिलं असं विचारलंत. तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये ते आहे: ‘ड्रम लेथवर मारून आणले’ आणि ‘लायनर नवे मारून घेतले’. लेथवर मारला की ड्रम आतून मोठा होतो. लायनर मात्र मूळ ड्रमच्या मापाच्या गोलाईचे. मोठ्या गोलाईच्या ड्रममध्ये लहान गोलाईचा शू गेला की तो फक्त मधल्या भागात टेकतो, दोन्ही टोकं अधांतरी राहतात. तुम्ही पेडल दाबता तेव्हा शू आधी मध्ये टेकतो आणि मग अख्खा शू वाकून टोकं ड्रमला लागायला बघतात. पायाला जी स्प्रिंग लागते ती हवेची नाही, लोखंडी शू वाकण्याची आहे. हवा काढून ती कशी जाईल? आणि ड्रम जास्त मारला असेल तर भिंत पातळ होते. पातळ ड्रम लवकर तापतो, जास्त फुगतो, आणि मोरोशीला पेडल खाली जातं.

आता ड्रम उतरवा. आत रेघांचा पोत एकसारखा आहे का बघा आणि आतला व्यास दोन-तीन दिशांनी मोजून घ्या. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला असतो, तो घासून वाचा. त्याच्या पुढे गेलेला ड्रम भंगारात जातो, त्यावर चर्चा नको. मग लायनरवर खडूने आडव्या रेघा मारा, ड्रम बसवा, शू हलके टेकवून चाक थोडं फिरवा आणि पुन्हा उघडा. खडू जिथे पुसला तिथेच लायनर टेकतोय.

तिसरं काम फार कमी लोक करतात. लायनर आणि शूच्या पत्र्याच्या मधल्या फटीत फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) बारीक पात घालून बघा. टोकाला पात आत जात असेल तर लायनर शूवर बसलेलाच नाही, रिव्हेट सैल मारलेत किंवा शू आधीच वाकलेला होता. तीही एक स्प्रिंगच झाली. रिव्हेट नेहमी मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे मारत जायचे, म्हणजे लायनर शूला चिकटत जातो. टोकांपासून सुरुवात केली की मध्ये पोट राहतं.

ड्रम मापात असेल तर दोन रस्ते आहेत: ओव्हरसाइज जाड लायनर मारून ते ड्रमच्या गोलाईला घासून घ्यायचे, किंवा ड्रम नवे टाकून मूळ मापाचे लायनर वापरायचे. तुमचा घाट बघता मी नवे ड्रम म्हणेन. आणि एक ड्रम बदलून दुसरा जुना ठेवू नका, ओल्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढेल.


ओतूरचा_४०७

मंडळी, गाडी पुन्हा रस्त्यावर आली. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना काय निघालं ते कळायला हवं म्हणून सगळं सांगतो.

मागचे टायर उतरवून ड्रम काढले. गंज घासल्यावर कमाल व्यासाचा आकडा दिसला. डावा ड्रम त्याच्याही पुढे गेलेला होता, उजवा अगदी काठावर. चरे जाईपर्यंत मारत गेले आणि माप कोणी घेतलं नाही. खडूच्या रेघा मारून पाहिल्या तर चारही शूंवर मधला चार बोटांचा पट्टा पुसला गेला होता, दोन्ही टोकांना खडू जसाच्या तसा. फिलरची पात डाव्या बाजूच्या एका शूच्या टोकाला सहज आत गेली, तो शू हातात धरून पाहिला तर किंचित वाकडा. भावाने ते सगळे शू ओट्यावर मांडून बराच वेळ निरखले. घाटात आपण रोज कशाच्या भरवशावर उतरत होतो ते त्याला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

मागचे दोन्ही ड्रम नवे घेतले. वाकडा शू आणि त्याचा जोडीदार बदलला, मूळ मापाचे लायनर दुसऱ्या ठिकाणी नेऊन समोर उभं राहून मारून घेतले, मधून टोकांकडे. पुढचे दोन आणि मागचा एक असे तिन्ही होज बदलले. ऑइल पाण्यावर टाकून पाहिलं, तवंग आला नाही, पूर्ण मिसळलं. जीव भांड्यात पडला, कारण नाहीतर सगळे रबर बदलायचे होते. जुनं ऑइल काढून सीलबंद डब्यातलं डॉट ४ भरलं. मागे डावीकडून सुरू केलं, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. प्रत्येक निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. ताज्या ऑइलचा स्वच्छ रंग येईपर्यंत निपल बंद केलं नाही. भाऊ पेडलवर आणि मी खाली. काढलेलं ऑइल पुन्हा टाकीत भरलं नाही.

पेडल आता वरच्या तिसऱ्या हिश्शातच धरतं आणि तिथे पायाला टेका लागतो. अजून जोर दिला तर अगदी थोडं आत जातं, पूर्वीच्या मानाने काहीच नाही. गावच्या रस्त्यावर रिकामी गाडी फिरवून पाहिली, चारही चाकं सारखी धरतात, स्टिअरिंग सरळ राहतं. उरलेला तो थोडासा मऊपणा काय आहे? आणि लगेच भरून घाटात न्यावी का?


कसारा_लाइन

वाचून माझ्या गाडीचे ड्रम आठवले, मागच्या वर्षी मीही लेथवर मारून आणलेत. व्यास मोजणार आहे. फिटर काका, व्हर्नियर एवढा मोठा मिळतो का?


कराडचा_फिटर

कसारावाले भाऊ, ड्रम मोजायचं वेगळं गेज येतं, चांगल्या लेथवाल्याकडे असतं. नसेल तर इनसाइड कॅलिपरने माप उचलून स्टीलच्या पट्टीवर बघा. त्याने दशांश मिलिमीटर कळणार नाहीत, पण मर्यादेच्या फार पुढे गेलेला ड्रम नक्की कळेल. काठावर वाटला तर गेजने मोजून घेतल्याशिवाय बसवू नका.

ओतूरकर दादा, उरलेला मऊपणा नव्या लायनरचा आहे. नवा लायनर कितीही नीट मारला तरी पहिल्या दिवशी पूर्ण पृष्ठभागाने टेकत नाही. लगेच भरून घाटात नेऊ नका. आधी सपाटीला चालवा, आळेफाटा-नारायणगाव अशा फेऱ्या करा, निम्म्याच्या आत माल ठेवा. मागे कोणी नाही बघून तीस-चाळीसच्या वेगावरून सावकाश ब्रेक लावत दहापर्यंत आणा, सोडा, ड्रमला वारा लागू द्या, पुन्हा करा. करकचून थांबवू नका आणि पाय पेडलवर टेकवून चालवू नका. नवा लायनर सुरुवातीलाच जास्त तापला तर वरून काचेसारखा होतो आणि मग धरत नाही.

काही दिवसांनी ड्रम थंड असताना अ‍ॅडजस्टर पुन्हा बघा, लायनर बसला की थोडी जागा पडते. शू टेकेपर्यंत आवळा आणि चाक मोकळं फिरेपर्यंत सोडा. हँडब्रेकची केबल त्यानंतर सेट करा, आधी नाही. केबल आधीच ताणलेली असेल तर शू जागेवर परत येत नाहीत आणि अ‍ॅडजस्टरचं माप चुकतं. हे झाल्यावर पेडल पूर्ण कडक लागलं की माल भरा. माळशेजला वरूनच खालच्या गिअरमध्ये उतरायला लागा, ज्या गिअरने भरलेली गाडी तो घाट चढेल त्याच गिअरने उतरवा. पहिल्या भरल्या फेरीला मोरोशीला थांबून चारही ड्रमजवळ हात नेऊन बघा, हात लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं जाणवलं तर तिथला शू सुटत नाहीये, मला इथे लिहा.